कार्बाइनविरोधी कॅप्टन

मी आयुष्यात बंदूक हातात धरली ती एकदाच, लहानपणी जत्रेत, फुगे फोडायला. एकही फुगा फुटला नाही. शेवटी स्टॉलवाल्यालाच माझी दया आली आणि त्याने बोटाने एक फुगा फोडून मला लिमलेटची गोळी दिली. एवढ्या भांडवलावर मी आज सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनचे गुणदोष या विषयावर तासभर बोलू शकतो, मध्ये पाणी न पिता. लग्नकार्यात एखादे निवृत्त सुभेदार भेटले की त्यांच्याशी वाद घालतो. बायको कोपराने ढोसते. सुभेदार अदबीने विचारतात, "आपण कुठल्या रेजिमेंटला होता?" मग सांगावं लागतं की मी सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासत होतो, आणि हे सगळं ज्ञान मला चोआ चू कांगच्या एका फ्लॅटमध्ये पोळीभाजीबरोबर मिळालं.

ते देणारे माझे घरमालक. सगळा जन्म जहाजावर काढलेले कॅप्टन, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना कॅप्टनच म्हणायचो. मी राहायचो बेटाच्या एका टोकाला आणि नोकरी होती दुसऱ्या टोकाला. सकाळी MRT मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलो की माझी एक झोप पूर्ण व्हायची. ऑफिसातले लोक म्हणायचे, "अरे, ताम्पिनिसला राहा, पायी येशील." त्यांना काय सांगणार? खोली बघायला गेलो तेव्हा कॅप्टनच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, थालीपीठ पुढे केलं होतं. खोली मी नंतर, सामान घेऊन राहायला आल्यावर पाहिली.

कॅप्टन ठेंगणे, रुंद, घरातसुद्धा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली लेंगा. अलिबागकडच्या कोळ्यांच्या घरातले. बाप मासेमारी करायचा, हा मुलगा शिकून मोठ्या जहाजावर गेला. उभे राहायचे ते पाय फाकवून, जमीन केव्हाही हलेल अशा तयारीने. MRT मध्ये दांडी धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. गाडीने ब्रेक लावला की सगळा डबा पुढे झुकायचा, कॅप्टन मात्र ताठ. त्यांच्या शेजारी उभं राहून मीही एकदा दांडी सोडून पाहिली आणि एका शाळकरी मुलीच्या बॅगेवर जाऊन पडलो. "अंकल, होल्ड लाह," ती म्हणाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो.

त्यांना प्रत्येक गोष्टीचे गुणदोष सांगायची सवय होती. गुण डाव्या हाताच्या बोटांवर, दोष उजव्या. जेवताना उजवा हात कामात असल्यामुळे पानावर फक्त गुण चालायचे. भेंडीचे गुण, चोआ चू कांगचे गुण, सरकारचे गुण. हात धुऊन आले की दोष सुरू. मी राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी पानावर माझे गुण सांगितले: शांत आहे, वेळेवर आला, शाकाहारी आहे म्हणजे मासे आपल्यालाच. मी खुशीत ताक पीत होतो. मग ते हात धुऊन आले.

घरात त्यांचा हुकूम चालत नसे. स्वयंपाकघराच्या दारात ते थांबायचे आणि विचारायचे, "आत येऊ का?" काकू "या" म्हणाल्या तरच आत. मला वाटायचं, बायकोला घाबरतात. एकदा विचारलंच. "घाबरायचं काय त्यात?" ते म्हणाले. "जहाजावर ब्रिजमध्ये विचारल्याशिवाय कोण शिरत नाही. जिथून जहाज चालतं ती जागा ती." काकू आतून म्हणाल्या, "घाबरतात रे. तू त्यांचं ऐकू नकोस."

आता कार्बाइन. दोन हजार दहानंतरची ती पहिली काही वर्षं सोमाली चाच्यांची होती. एडनच्या आखातातून जाणाऱ्या जहाजांवर कंपन्या बंदूकधारी रखवालदार ठेवू लागल्या होत्या. कॅप्टन समुद्र सोडून सिंगापुरातच तुआसच्या शिपयार्डात दुरुस्तीला आलेली जहाजं तपासायचं काम करू लागले, त्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या फेरीत असे चार रखवालदार जहाजावर चढले. त्यांच्याकडे जुन्या घडणीच्या सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन होत्या. त्यांचा म्होरक्या माजी सैनिक. त्याने येताजाता कार्बाइनचं इतकं कौतुक केलं की कॅप्टनच्या डोक्यात गेलं. कोणी एखाद्या गोष्टीची फार स्तुती केली की यांचा उजवा हात शिवशिवायला लागे. एका शांत दुपारी समुद्रात रिकामा ड्रम सोडून दोघांनी नेम धरला. ड्रम जवळ होता तोवर ठणाठण आवाज आले. तो लांब गेला आणि गोळ्या अलीकडेच पाण्यात पडू लागल्या. "तो ड्रम अजून तरंगतोय," कॅप्टन सांगायचे. पाहुणे आले की हे वाक्य एकदा तरी व्हायचंच.

मला सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मी समजत होतो एकदा बोट दाबलं की ती स्वतःच्या मर्जीने सुटते. कॅप्टनने माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलला. "हे बघ. एकदा दाबलं, एक पिन. दुसरी पिन आपोआप पुढे येऊन बसते, पण परत दाबल्याशिवाय सुटत नाही. झालं. आणि कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक. आखूड स्टेपलर समज." त्यानंतर ऑफिसात कागद जोडताना माझी छाती जरा पुढे येऊ लागली.

कॅप्टनच्या घरी दर शनिवारी एक चीफ इंजिनिअर जेवायला यायचा. तुआसला त्यांच्याबरोबरच कामाला होता, मूळचा डोंबिवलीचा, बायकामुलं तिकडेच. आम्ही त्याला नुसतं चीफ म्हणायचो. तो कार्बाइनच्या बाजूचा. या दोघांचं भांडण ऐकलं की कुणालाही वाटावं इस्टेटीचा वाद आहे.

"कॅप्टन, ती हलकी आहे हे तरी मान्य करा," चीफ सुरुवात करायचा. "चार तास ऊन खात पहारा देणाऱ्याला वजन कळतं. आणि आखूड. ब्रिजच्या दारात, जिन्यात, कुठेही वळते. धक्का देत नाही, नवख्याला दोन दिवसांत शिकवता येते. माणूस घाबरलेला असतो हो. घाबरलेल्या माणसाला हलकीच वस्तू द्यावी."

"घाबरलेल्या माणसाच्या हातात लाटणंसुद्धा देऊ नये," कॅप्टन म्हणायचे. एव्हाना त्यांचा उजवा हात पानातून वर आलेला असे. बाकी सगळ्या गोष्टींना हात धुवायचा नियम होता, कार्बाइनला माफी होती. वरणभाताने माखलेल्या बोटांवर ते दोष मोजायचे. गोळी लहान आणि हलकी. जरा लांब, जास्त गोळ्यांचं मॅगझिन लावलं की स्प्रिंग दमते आणि गोळी अडकते. खारं पाणी सोसत नाही. आणि सगळ्यांत मोठा दोष, पल्ला नाही. "अरे, चाचा जहाजाला शिडी लावेपर्यंत वाट बघायची का? त्याला लांबच थोपवायचा असतो. लांब पल्ल्याची रायफल हवी, एक गोळी, विषय संपला." बोलता बोलता बोटं वाळून कडक व्हायची. काकू पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवायच्या.

मी कोणाच्या बाजूचा? जो शेवटी बोलेल त्याच्या. पण भाडेकरू म्हणून राहणार कॅप्टनकडे, म्हणून हळूहळू मी कार्बाइनविरोधी झालो, आणि नव्या बाटग्याच्या उत्साहाने झालो.

एका शनिवारी प्रकरण प्रात्यक्षिकावर आलं. आमच्याकडे कपडे बांबूवर वाळत घालून ते बांबू खिडकीबाहेर खोचायचे असतात. कॅप्टनने काकूंचे दोन बांबू कापले, एक रायफलीच्या लांबीचा, एक कार्बाइनच्या. कॉरिडॉर म्हणजे जहाजाची गल्ली, जिना म्हणजे जिना. चीफने आखूड बांबू घेतला, कॅप्टनने लांब. चाचा व्हायला कोणीतरी हवं होतं. मी खालच्या मजल्यावरून दबकत वर आलो. नेमकी तेव्हाच माझी चप्पल फटफटली, दोघे एकदम वळले. चीफ सुरेख वळला. कॅप्टनचा बांबू शेजारच्या चिनी आंटींच्या संत्र्याच्या कुंडीला लागला आणि कुंडी आडवी झाली. दार उघडून आंटी बाहेर आल्या. समोर पांढरा शर्ट आणि लेंग्यातले कॅप्टन, हातात बांबू, आणि जिन्यात गुडघ्यावर बसलेला मी, हात वर.

"अंकल, व्हाय यू हिट माय ट्री?"

"सॉरी मॅडम," कॅप्टन ताठ उभे राहून म्हणाले. "नॅव्हिगेशनल एरर."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. "ही ओके ऑर नॉट?" त्यांनी कॅप्टनना विचारलं. अनेकांना माझ्याबद्दल पडलेला हा प्रश्न आहे. कॅप्टनने माती गोळा केली, मी संत्री गोळा केली, आणि काकूंनी दुसऱ्या दिवशी आंटींना नारळाच्या वड्या नेऊन दिल्या. वाद मात्र मिटला नाही. "एका कुंडीवरून काही सिद्ध होत नाही," कॅप्टन म्हणाले.

माझं खरं शौर्य यापुढे. चीफला एकदाचा गप्प करावा म्हणून मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कार्बाइनवर अभ्यास सुरू केला. बँकेच्या कॉम्प्युटरवर. बंदुकीची रिकामी पुंगळी खिशात सापडली तरी जिथे माणसाची धडगत नाही अशा देशात, पगारदार परदेशी माणूस, एम्प्लॉयमेंट पासवर राहणारा, बँकेच्या यंत्रावर "सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन किती लांब मारते" हे आठवडाभर शोधत होता. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा, हे इथे नमूद केलं पाहिजे.

मॅनेजर बाईंनी आत बोलावलं. सिंगापूरच्याच, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांच्याशेजारी सिक्युरिटीचा एक गृहस्थ बसला होता. समोरच्या स्क्रीनवर माझा सगळा अभ्यास.

"व्हाय यू रीडिंग धिस?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांसमोर पास रद्द झालेला, विमानतळ, आणि पुण्यात आईला काय सांगायचं ते, असं सगळं येऊन गेलं. त्या स्थितीत मी जे बोललो ते माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही. मी म्हणालो, "मॅडम, आय अ‍ॅम रीडिंग ओन्ली द ड्रॉबॅक्स."

गृहस्थाने स्क्रीन खालीवर करून खरोखर तपासलं. दोषच होते सगळे. मग मी घरमालक, चीफ, ड्रम, संत्र्याची कुंडी असं सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रीड अ‍ॅट होम, कॅन?" मी म्हणालो, "कॅन." घरी आल्यावर हे सांगितलं तर कॅप्टनना वेगळीच चिंता. "मग पल्ला किती दिलाय तिथे? मी म्हणतो तेवढाच ना?"

असं छान चाललेलं असताना एका गुरुवारी कॅप्टनना त्यांच्या जुन्या कंपनीचा फोन आला. सिंगापूरहून लाल समुद्रात जायला निघालेल्या एका मालवाहू जहाजाचा कॅप्टन आजारी पडला होता. एवढी एक फेरी करता का, असं विचारत होते. फोन ठेवून ते खिडकीशी उभे राहिले. त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरचा ब्लॉक दिसतो आणि लोकांचे वाळणारे कपडे. तरी बराच वेळ उभे होते. तुआसला दिवसभर दुसऱ्यांच्या जहाजांचा गंज बघणाऱ्या या माणसाला पुन्हा एकदा स्वतःचं जहाज मिळत होतं, आणि वयाकडे पाहता यापुढे मिळणार नव्हतं. मला ते पाहून वाईटही वाटलं आणि हेवाही वाटला. मला कोणी बँकेचं सॉफ्टवेअर शेवटचं एकदा तपासायला बोलावलं, तर मी खिडकीशी नक्कीच उभा राहणार नाही.

रस्ता एडनच्या आखातातून होता. काकूंनी एकच विचारलं, "रखवालदार असतील?"

"असतील की. चौघं."

"त्यांच्याकडे काय असेल?"

कॅप्टन शर्टाची बाही सारखी करू लागले. त्यांनी कंपनीला ते विचारलं होतं, आणि उत्तर काय आलं ते काकूंना आणि मला त्यावरूनच कळलं. कार्बाइन.

"शनिवारी बोलू," काकू म्हणाल्या. "चीफलाही येऊ दे."

तो शनिवार मी विसरणार नाही. पानं मांडलेली, काकू नेहमी वाढायला उभ्या असायच्या, त्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसल्या. आणि कॅप्टनने घसा साफ करून डावा हात वर केला.

"तशी ती हलकी असते," ते म्हणाले.

चीफचा घास हातात राहिला.

"हलकी म्हणजे गोळीही हलकी," काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात."

"वळायला सोपी. दारात, जिन्यात."

"चाचा जिन्यात येईपर्यंत वाट बघायची का?"

"नवख्या माणसालाही लगेच जमते."

"घाबरलेल्याच्या हातात लाटणं देऊ नये. मॅगझिनची स्प्रिंग दमते ती वेगळीच. आणि खारं पाणी सोसत नाही, समुद्रावर खारंच पाणी असतं ना हो?" काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. इतके शनिवार तांब्या ठेवता ठेवता त्यांनी एकेक दोष पाठ केला होता. आमच्यापैकी त्या विषयाचा खरा अभ्यास त्यांचाच निघाला, आणि बँकेच्या कॉम्प्युटरला हात न लावता.

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत इतकी आशा मी कधी पाहिली नव्हती. "अरे बँकवाल्या, तू सांग ना काकूला. तू वाचलंयस सगळं."

मी त्यांची बाजू घ्यायला तोंड उघडलं. "काकू, तसं पाहिलं तर जवळून ती चांगली लागते." मला वाटलं हा मोठा दिलासा आहे. काकूंचा चेहरा पांढरा पडला. जवळून म्हणजे किती जवळून, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. चीफने टेबलाखालून मला लाथ मारली, ती चुकून कॅप्टनना लागली.

काकू कॅप्टनकडे बघत राहिल्या. कॅप्टन डाव्या हाताची तीन बोटं वर धरून तसेच बसले होते, चौथा गुण त्यांना आठवत नव्हता.

"जा तुम्ही," काकू म्हणाल्या.

"अं?"

"तुमचं बोलणं तुम्ही कधी मागे घेत नाही. माझ्या आईच्या कालवणाला एकदा आंबट म्हणालात, ती गेली तरी आंबटच म्हणता. आणि आज त्या बंदुकीची तरफदारी करताय माझ्यापुढे. एवढं जायचंय, तर अडवून काय करू? जा." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "पण परत या."

कॅप्टन गेले. घरात आम्ही दोघंच उरलो. मी लॅपटॉपवर जगातली सगळी जहाजं दिसतात ती साइट उघडून द्यायचो, कॅप्टनचं जहाज म्हणजे निळ्या पाण्यावर एक छोटा ठिपका. काकू पोळ्या करता करता येऊन बघून जायच्या. श्रीलंका मागे पडली, ठिपका अरबी समुद्रात शिरला आणि एका संध्याकाळी नाहीसा झाला. धोक्याच्या पट्ट्यात काही जहाजं आपली जागा कळवणं मुद्दामच बंद करतात, हे कॅप्टनने जाण्याआधी मला सांगितलं होतं. मी ते काकूंना समजावलं. त्या म्हणाल्या, "हो, कळलं," आणि पोळी तव्यावर करपली.

त्या दिवसापासून पानावर बसलं की त्या मला विचारायच्या, "गुण सांग रे." मला आधी कळेचना. "अरे, त्या बंदुकीचे. चीफ सांगतो ते." मग मी, कार्बाइनचा कट्टर विरोधक, रोज जेवताना तिचे गुण सांगू लागलो. हलकी आहे काकू. हाताला भारी पडत नाही. पटकन वळते. पटापट मारते, थांबावं लागत नाही. चीफचे गुण संपले तेव्हा मी स्वतःचे घातले. मी असं म्हणालो की तिला नुसतं बघूनच चाचे परत जातात. काकूंनी मान डोलावली आणि आणखी आमटी वाढली. मला त्यातलं काहीही खरं वाटत नव्हतं आणि मी रोज देवाला सांगत होतो की माझं वाटणं चूक निघू दे. वाद हरण्यासाठी मी नवस बोललेला तो एकच.

ठिपका एका सकाळी परत उगवला, लाल समुद्रात. मी ऑफिसला निघालो होतो, बूट घातलेला, तसाच आत जाऊन काकूंना हाक मारली. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि काढेचनात. मला MRT चुकली, उशीर झाला, आणि मॅनेजर बाईंना मी कारणही सांगितलं नाही. यावेळी पुरावा बँकेच्या यंत्रावर नव्हता.

कॅप्टन परतले ते वाळून गेलेले. काकूंनी औक्षण केलं, कॅप्टनने सगळ्यांची चौकशी केली, आंटींच्या संत्र्याची सुद्धा. फेरी कशी झाली विचारलं की म्हणायचे, "झाली नीट. काही नाही झालं." गुण नाहीत की दोष नाहीत. भेंडीलासुद्धा काही म्हणेनात. काकू त्यांच्याकडे तिरप्या नजरेने बघत होत्या.

शनिवारी चीफ आला. त्याला राहवतंय कुठे? भात पानात पडतो न पडतो तोच म्हणाला, "हं कॅप्टन, आता प्रत्यक्ष बघून आलात. बोला, आमची कार्बाइन चांगली की वाईट?"

कॅप्टन पानाकडे बघत बोलायला लागले. आखातात, भर दुपारी, एक लहान बोट सरळ जहाजावर चालून आली. वेगात. आत पाचसहा माणसं. कॅप्टनने भोंगा वाजवला, जहाज वळवलं, रखवालदारांनी वर उभं राहून बंदुका दाखवल्या. बोट थांबेना. पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या मारल्या. तरी थांबेना, आतली माणसं हात वर करून ओरडत होती. म्होरक्याने विचारलं, कॅप्टन, बोटीवर मारू? असा हुकूम जहाजाचा कॅप्टनच देतो.

"मी मार म्हणालो," कॅप्टन म्हणाले.

चौघांनी नेम धरून गोळ्या झाडल्या. त्या बोटीच्या अलीकडे पाण्यात पडल्या, एकामागून एक, पाणी उडवत. पोचेनात. म्होरक्या चरफडला आणि बोट जवळ येण्याची वाट बघू लागला. कॅप्टनने दुर्बीण डोळ्यांना लावली. बोटीच्या नाकावर एक म्हातारा उभा होता, आणि तो हाताने समोरच्या पाण्याकडे दाखवत होता. पाण्यावर एका ओळीत पिवळे डबे तरंगत होते.

"जाळं," कॅप्टन म्हणाले. "त्याचं जाळं होतं रे तिथे. माझं जहाज त्याच्यावरून जाणार होतं म्हणून तो धावत आला होता, बाजूने जा सांगायला. मी थांबवलं सगळ्यांना. थांबवलं पण उशिरा. मी मार म्हणालो होतो." त्यांनी पानातला भात नुसताच चिवडला. "आमच्या घरात चार पिढ्या जाळी टाकतात. माझा बाप असाच उभा राहून स्टीमरवाल्यांना शिव्या द्यायचा. मी त्या होडीत बसलोय. आणि मला ओळखू आला नाही तो."

चीफने मान खाली घातली. पहिल्यांदाच त्याच्या बाजूचा विजय झाला होता आणि त्याला तो नको होता. मीही काही बोललो नाही, माझ्या बाबतीत हे नोंद घेण्यासारखं आहे.

"लांब पल्ल्याची असती ना," कॅप्टन म्हणाले, "मी मागत होतो ती, तर पहिल्या गोळीला म्हातारा गेला असता. मी आज इथे बसून जेवू शकलो नसतो." पण ते जेवत नव्हतेच. आल्यापासून नीट जेवले नव्हते हे आता आमच्या लक्षात आलं. "जाळं गेलं त्याचं. एवढं मोठं जहाज, वळता वळता प्रोपेलरमध्ये सगळं फाटून गेलं. तो तिथेच उभा होता. बघत होता माझ्याकडे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, कॅप्टनच्या पानातला गार झालेला भात त्यांनी बाजूला सारला आणि गरम वाढला. त्यावर कालवण घातलं.

"जाळं परत विणता येतं," त्या म्हणाल्या. "तो घरी गेला ना त्याच्या? जेवा तुम्ही."